पाटण्याचा मणी: पाटणे (ता. चाळीसगाव) इथल्या अश्मयुगीन स्थळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटणादेवीला जाणाऱ्या गाड्या आमच्या भागातून धुरळा उडवत निघून जातात. त्यातली एखादी थांबते, काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "ते शहामृगाच्या मण्यांचं ठिकाण कुठं आहे हो?" पंचवीस हजार वर्षांपूर्वी शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी जिथं सापडले, ती जागा त्यांना हवी असते. मग बांधावर उभ्या उभ्या अर्धा-पाऊण तास जातो. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मी पुरातत्त्वज्ञ नाही. याच तालुक्यात वावर (म्हणजे शेत) असलेला, वाचायची खोड असलेला माणूस आहे. तेवढं धरून वाचावं.

पाटणे म्हणजे पाटणादेवीच ना?

नाही, पण शेजार आहे. पाटणे हे जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याचं लहानसं गाव, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं. देवीचं देऊळ त्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. गावाचं आणि देवीचं नाव एकाच जुन्या 'पाटणा'वरून आलेलं आहे. त्या पाटणाची गोष्ट पुढे येईल.

एक घोटाळा आधीच मिटवतो. 'पाटण्याचा मणी' म्हटलं की काहींना बिहारची राजधानी आठवते. असे दोघे जण मला प्रत्यक्ष भेटलेत. मराठीत दोन्हींचं सामान्यरूप एकच होतं, त्याला आमचा इलाज नाही.

तिथं पाहायला काय आहे?

खरं सांगायचं तर काही नाही. लेणं नाही, भिंत नाही, शिल्प नाही. नाले आहेत, वावरं आहेत, हंगामाप्रमाणे कपाशी किंवा मका आहे. उत्खननाचे चर काम संपलं की बुजवतात. पन्नास वर्षांपूर्वी बुजवलेला चर ओळखायला आता मातीवर काय खूण राहणार? पुण्याहून आलेला एक मुलगा फार हिरमुसला होता. त्याच्या डोक्यात काचेच्या पेटीतला सांगाडा नि बाजूला पाटी असं काहीतरी होतं. जवळ निंदणाऱ्या आजीबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "दगडं देखाले उनात का भाऊ?" (दगड बघायला आलात का?) तो ओशाळला, पण आजीबाईंनी बरोबर सांगितलं होतं. दगडं नि माती, एवढंच आहे. फक्त ती माती कोणत्या क्रमानं साचली आणि तिच्यात कोणता दगड कुठं पडला होता, यालाच किंमत आहे.

मग एवढं नाव कशाचं?

१९७२-७३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी इथं उत्खनन केलं. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं मोठं उत्खनन पुढे त्यांनीच केलं, पण ते पाटण्यानंतर. इथं त्यांना मातीचे थर एकावर एक, न ढवळलेले मिळाले. सगळ्यात खाली मध्य पुराश्मयुगाची हत्यारं, त्यावर उत्तर पुराश्मयुगाची, आणि वर मध्याश्मयुगाची. (मध्य पुराश्मयुग आणि मध्याश्मयुग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही नावं ज्यांनी पाडली त्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला नव्हता, हे उघड आहे. सोपं म्हणजे जुनं, त्याहून अलीकडचं आणि सगळ्यात अलीकडचं असं धरा.)

अश्मयुगाची हत्यारं महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी सापडतात. पण बहुतेक ठिकाणी ती नदीच्या वाळूगोट्यांत वाहून आलेली असतात किंवा रानात नुसती पसरलेली असतात. कुठली आधीची नि कुठली नंतरची हे सांगायला काही आधार नसतो. जुन्या पत्र्याच्या पेटीत आज्याचे, बापाचे नि नातवाचे कागद एकत्र कालवून ठेवावेत, तशी गत. पाटण्याला कागद एकावर एक, ज्या क्रमानं ठेवले त्याच क्रमानं मिळाले. त्यामुळे माणसाची हत्यारं हजारो वर्षांत कशी बदलत गेली हे एकाच जागी वाचता आलं. उत्तर पुराश्मयुगाच्या खालच्या टप्प्यांत लाल-पिवळा जास्पर जास्त आहे, वर येता येता दुधट चालसेडनी वाढते (दोन्ही गारगोटीचेच प्रकार). हत्यारं लहान होत जातात. शेवटी नखाएवढी पाती येतात.

या उत्तर पुराश्मयुगाच्या थरांतच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, त्यापासून केलेले मणी आणि एक कोरलेला तुकडा मिळाला. त्या तुकड्यावर समांतर रेघांच्या पट्ट्यांत आडव्यातिडव्या रेघांची जाळी आहे. या तुकड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. भारतात इतरत्रही अशी 'कोरलेली' कवचं सापडल्याचं सांगितलं गेलं होतं. बारकाईनं तपासल्यावर त्यांतल्या पुष्कळांवरच्या रेघा माणसाच्या नव्हत्याच. झाडांची बारीक मुळं कवचाला चिकटून वाढतात, त्यांच्या आम्लानं कवच खाल्लं जातं आणि नक्षी काढल्यासारखी दिसते. पाटण्याचा तुकडा त्या चाळणीतून खाली पडला नाही. त्याच्यावरच्या रेघा दगडाच्या टोकानं, माणसाच्या हातानं ओढलेल्या आहेत.

शहामृग? आणि खान्देशात?

हो. हा प्रश्न विचारताना लोक हसतात, म्हणून सावकाश सांगतो. शहामृग एके काळी भारतात होता. त्याच्या अंड्याची कवचं राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र अशा भागांत अनेक ठिकाणी सापडली आहेत. भोपाळजवळच्या भीमबेटकालाही या कवचाचे मणी मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी भारतात सापडलेल्या कवचांतून डीएनए मिळवला. २०१७मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तो डीएनए आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

त्या काळी हवा आजच्यापेक्षा कोरडी होती. पृथ्वीवर हिमयुग चालू होतं. आपल्याकडे बर्फ नव्हता, पण पाऊस कमी आणि गवताळ माळ जास्त, असं चित्र होतं. धावणाऱ्या पक्ष्याला असलाच मोकळा माळ लागतो. गिरणेकाठची वावरं बघून ते डोळ्यापुढे येत नाही, मान्य. दुष्काळी सालात मेच्या शेवटी या, थोडं येईल.

आणि नाही, तो इमू नव्हता. आमच्याकडे मध्यंतरी इमू पाळायची लाट आली होती, तीत बऱ्याच जणांचे पैसे बुडाले. तेव्हापासून कुठलाही मोठा पक्षी म्हटलं की लोकांना इमूच आठवतो.

डायनासोरचं अंडं तर नसेल?

नाही. डायनासोर संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. इथं बोलणं हजारांत चाललंय.

पंचवीस हजार वर्षं हा आकडा कुठून आला?

कवचातूनच. अंड्याच्या कवचात कार्बन असतो. पक्षी जिवंत असताना खाण्यापिण्यातून, हवेतून त्याच्या अंगात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार येत राहतो. अंडं घातलं की कवचात नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला झडू लागतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. उरलेला किती ते मोजलं की काळ कळतो. पाटण्याच्या कवचाचं मोजमाप सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं आलं. हिशेब करून पाहा, इतक्या काळात सुरुवातीच्या शंभर भागांतले जेमतेम पाच भाग उरतात. प्रयोगशाळेत तेवढे मोजता येतात. पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र मोजण्यासारखं काही राहतच नाही, तिथं ही पद्धत संपते.

जाणकारांसाठी एक टीप. हा कच्चा रेडिओकार्बन आकडा आहे. हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण सगळ्या काळी सारखं नव्हतं, त्याची दुरुस्ती केली की काळ आणखी काही हजार वर्षांनी मागे सरकतो. फलकावर, भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपवर २५,००० म्हणायला हरकत नाही. 'एक लाख वर्षांचे मणी' असंही मी वाचलंय. ते कुणी लिहिलं देव जाणे.

लोखंड नाही, तांबं नाही, मग मण्याला भोक कसं पाडलं?

गारगोटीच्या टोकानं. शहामृगाचं कवच कोंबडीच्या कवचासारखं नसतं. ते साधारण दोन मिलिमीटर जाड असतं, चिनी मातीच्या बशीसारखं टणक. एका अंड्यात कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढा ऐवज. खाऊन झाल्यावर कवच टाकवत नाही. आफ्रिकेत अशी अंडी पाणी भरून ठेवायला वापरत आले आहेत. ते फुटलं की तुकड्यांचे मणी.

पद्धत अशी. कवचाचा लहान तुकडा घ्यायचा, कडा ठोकून साधारण गोल करायचा, मधोमध टोकदार दगड ठेवून फिरवत राहायचं. एका बाजूनं अर्धं भोक झालं की उलटून दुसऱ्या बाजूनं. मग खरखरीत दगडावर कडा घासून गुळगुळीत करायच्या. काही लोक आधी भोक पाडतात, मग गोल करतात. त्याचं कारण करून बघितल्यावरच कळतं: भोक पाडतानाच तुकडा फुटतो, आणि आधी तासभर घासून गोल केलेला मणी फुटला की हातातलं सगळं फेकून द्यावंसं वाटतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. शहामृगाचं अंडं कुठून आणणार, म्हणून नारळाच्या करवंटीवर आम्ही हा उद्योग करून पाहिला. मी, माझा पुतण्या नि त्याचे दोन मित्र. नाल्यातली टोकदार गार, सहाण आणि एक अख्खी दुपार. चौघांत मिळून सहा तुकडे फुटले, एक मणी झाला, तोही वाकडा. पुतण्यानं शेवटी विचारलं, "काका, त्यांना पोट भरायचं काम नव्हतं का?" मला तरी यापेक्षा चांगला प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. शिकार, कंदमुळं, पाणी, श्वापदं एवढं मागे लागलेलं असताना कुणीतरी बसून गळ्यात घालायचा मणी घासत होतं. त्याशिवाय अडत काहीच नव्हतं.

साधी गारगोटी आणि हत्यार, फरक कसा ओळखायचा?

इथं जरा बसावं लागेल.

आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं साचली. चालसेडनी, अगेट, जास्पर म्हणतात ती हीच. आम्ही सगळ्यांना गारगोटी किंवा नुसती गार म्हणतो. पाषाण झिजतो, गार झिजत नाही, म्हणून वावरावावरांत गारा पडलेल्या दिसतात. त्यातली प्रत्येक गार हत्यार असती तर अश्मयुगात खान्देशची लोकसंख्या आजच्या मुंबईएवढी धरावी लागली असती.

गार फुटते ती काचेसारखी. जाड बाटलीचा बूड फुटलेला आठवा, गुळगुळीत, शिंपल्यासारखा खोलगट भाग आणि धारदार कड. माणसानं ठरावीक जागी ठोका मारून छिलका काढला की ठोका बसला तिथं छिलक्यावर छोटा फुगवटा येतो, आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा पसरलेल्या दिसतात. दगड आपोआप फुटला, ट्रॅक्टरच्या फाळाखाली आला, उन्हानं तडकला तर असं एखादं चिन्ह दिसेल, पण त्यात शिस्त नसेल. खरी खूण म्हणजे शिस्त. ज्या मूळ गोट्यावरून पाती काढली त्याला गाभा म्हणतात. त्याच्या अंगावर सारख्या रुंदीचे लांबट खाचे शेजारी शेजारी दिसतात, काकडी सोलल्यासारखे. पातं म्हणजे ज्याची लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त आणि दोन्ही कडा जवळपास समांतर, असा छिलका. काही पात्यांची एक कड मुद्दाम बारीक बारीक ठोकून बोथट केलेली असते. का? बोट कापू नये म्हणून, किंवा ती बाजू लाकडात, हाडात बसवायची म्हणून. बऱ्याच लहान पात्यांचं काम असंच असायचं, लाकडाच्या खाचेत डिंकाराळेनं ओळीनं बसवायची. एक तुटलं की तेवढंच बदलायचं. दाढीच्या पात्यासारखा हिशेब.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पहिली, रस्त्याच्या खडीतल्या कपच्या. क्रशरमधून निघालेली काळ्या दगडाची कपची इतकी सुबक असते की मीही एकदा खिशात घालून घरी आणली होती. दुसरी, चकमकीच्या गारा. आमच्या आज्याच्या पिढीपर्यंत बिडी पेटवायला लोखंडाची चकमक, गार नि कापूस वापरत. त्या गारेच्या कडा ठोकून ठोकून अगदी 'हत्यारा'सारख्या होतात, आणि शंभर वर्षांपूर्वी वावरात हरवलेली अशी गार आज कुणालाही चकवेल. तिसरी, गोफणगुंडे. गोल दगड दिसला की लोक त्याला पुराश्मयुगाचा म्हणतात. पाखरं राखायला गोफण आत्ता आत्तापर्यंत चालत होती.

सापडलेला दगड घरी नेला तर काय बिघडतं? एकच तर आहे.

प्रत्येक जण एकच नेतो.

थोडं रागावूनच लिहितो. एकदा एक गट आला होता, बाहेरचा, शिकलेला. संध्याकाळी परत जाताना त्यांच्या गाडीत खताची रिकामी गोणी होती, तीत दगड भरलेले. विचारलं तर म्हणाले, "मुलांना दाखवायला." त्या गोणीत खरी पातीही असतील, साध्या गाराही असतील. पण कुठल्या जागेवरून, कुठल्या थरातून निघाल्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही, त्यांनाही नाही. जागेवरून उचललेलं पातं म्हणजे पोथीतून फाडलेलं पान. अक्षर सुंदर असेल, पण कुठल्या पोथीचं ते गेलं. मणीसुद्धा थरातून निघाला, त्याच थरातल्या कवचाचं वय मोजता आलं, म्हणून तो पंचवीस हजार वर्षांचा. तोच मणी कुणी खिशातून काढून दाखवला असता तर त्याला कुणी विचारलं नसतं.

कायद्याचंही सांगतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही, आणि ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. उत्खननालाही परवाना लागतो. 'हौस म्हणून थोडं खोदून बघतो' हे चालत नाही.

आवडला तर फोटो काढा. शेजारी नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, मोबाइलमध्ये जागेची नोंद करा आणि दगड होता तिथंच ठेवा.

माझ्या वावरात असं काही निघालं तर जमीन जाईल का?

हा प्रश्न पाहुण्यांचा नाही, आपल्या लोकांचा आहे. तो दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोठ्यानं उत्तर देतो. वस्तू निघाली म्हणून सातबारा बदलत नाही. एखादी जागा केंद्र सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केली तर तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी येते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण त्यासाठी रीतसर अधिसूचना निघावी लागते. नांगराखाली चार पाती आली म्हणून ती निघत नाही.

जमिनीत दडवलेली मौल्यवान वस्तू, म्हणजे नाणी, दागिने वगैरे निघाले तर मात्र १८७८चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडा इंग्रजांच्या काळचा, आज त्यात चहाही येत नाही, पण कायदा तोच आहे. दगडाची हत्यारं, खापरं, हाडं दिसली तर तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात सांगा, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला अर्ज टाका. जेसीबी लावून सपाटीकरण करायच्या आधी कळवलं तर उपयोग. नंतर कळवून फक्त हळहळ वाटते.

सोनं निघालं होतं का?

नाही. त्या माणसांना सोनं माहीतच नव्हतं. गुप्तधनाच्या नादानं रात्री येणाऱ्यांनी झोप मोडू नये.

ती माणसं राहत कुठं? घरांचे अवशेष का नाहीत?

कारण त्यांनी टिकतील अशी घरं बांधली नाहीत. शिकार नि कंदमुळांच्या मागे फिरणारी टोळी पाण्याजवळ, दगड मिळेल तिथं मुक्काम करायची आणि पुढे जायची. डोंगराचा आडोसा, नाल्याचं पाणी, गारांचा साठा, पाटण्याला तिन्ही होतं. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा येत राहिली असावीत.

इथं आपल्याकडच्या दोन शब्दांची मदत होते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथं शेकडो वर्षं माणूस राहतो तिथं मातीच्या भिंती पडतात, राख, शेण, खापरं साचतात, नि पांढऱ्या मातीचं टेकाड होतं. खान्देशात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांवर टाकायला लोक हीच पांढरी माती खणून नेत आले. किती जुनी गावं अशी धाब्यांवर चढून बसली असतील, हिशेब नाही. पाटण्याचं अश्मयुगीन स्थळ पांढरीचं नाही. तिथं टेकाड नाही, म्हणून डोळ्याला ते दिसत नाही.

पांढरीची जुनी गावं पाहायची असतील तर कुठं जावं?

खान्देशात त्यांना तोटा नाही, पण ती पाटण्याहून फार फार अलीकडची. शेती, जनावरं, भांडी, तांबं आलं त्या ताम्रपाषाणयुगातली. याच चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. म. न. देशपांडे यांनी तिथं १९५२-५३ आणि १९५६-५७ साली उत्खनन केलं. पलीकडच्या तीरावर टेकवाडे, तिथं त्या काळातली दफनं मिळाली. नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणून ओळखतात, पण देवळांच्या त्याच गावी बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली खणलं तेव्हा वस्तीचे थर सुमारे सतरा मीटर खोलवर गेले. पाच मजली इमारतीएवढं गावावर गाव. शहादे तालुक्यातल्या सावळद्याच्या नावानं तर एक आख्खी संस्कृती ओळखली जाते. तिच्या मडक्यांवर जनावरं, मासे, हत्यारं रंगवलेली असतात. त्याच संस्कृतीचं धुळे जिल्ह्यातलं कवठे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं खणलं. पाटण्याचा मणी घासणारा माणूस आणि प्रकाश्याच्या तळातला पहिला शेतकरी यांच्यात वीस हजारांहून जास्त वर्षं आहेत. प्रकाश्याचा तो शेतकरी आणि आपण यांच्यात त्याच्या पाव हिश्श्याएवढीही नाहीत.

भास्कराचार्यांचा याच्याशी काय संबंध?

अश्मयुगाशी काहीच नाही, पाटणाशी आहे. यादवांच्या काळात डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचं नांदतं गाव होतं. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण या यादव राजाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ या इथल्या सरदार घराण्यातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं, असं त्यात आहे. लेख संस्कृतात, पण शेवटी व्यवहाराची गोष्ट आली तेव्हा भाषा मराठी होते. 'इयां पाटणीं' अशी सुरुवात करून बाजारातल्या उत्पन्नातला कुठला वाटा मठाला द्यायचा ते सांगितलंय. पैशाचं बोलणं लोकांना कळेल अशाच भाषेत करावं, हे तेव्हाही ठाऊक होतं. बहाळलाही शके ११४४चा लेख आहे, भास्कराचार्यांच्याच कुळातल्या अनंतदेवाचा. भास्कराचार्य जन्मले कुठं यावर मात्र विद्वानांत वाद आहेत, मी त्यात पडत नाही. आमच्याकडे कुणालाही विचारा, तो पाटणच सांगेल.

यायचं कसं, कधी?

चाळीसगाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, धबधबे असतात, गर्दीही असते. दगडांसाठी येणार असाल तर हिवाळा बरा. देऊळ नि त्याच्या पुढचा भाग अभयारण्यात आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी डोंगरात पलीकडे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. पाटणादेवीकडून पायवाटेनं जाता येतं, पण वाटाड्या घ्या. बांधावरून चालताना पिकात शिरू नका, आणि ज्याचं वावर आहे त्याला हाक मारून विचारा. नाही म्हणणारा सहसा भेटत नाही. चहा घ्यायला बसवणारे भेटतात.

मणी गावात पाहायला मिळतो का?

नाही. उत्खननातल्या वस्तू गावात ठेवत नाहीत. या काळची दगडी हत्यारं कशी असतात ते पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहता येईल. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं वस्तुसंग्रहालय आहे, खान्देशच्या इतिहासात रस असेल तर वाकडी वाट करून जावं.

तुम्ही स्वतः तो मणी पाहिलाय?

छापील चित्रात. आमच्या त्या करवंटीच्या मण्याएवढा वाकडा नाही तो. पुतण्याचं म्हणणं, त्यांच्याकडे सवड जास्त होती.